देशोधडीला लागलेली चक्की

१ जानेवारी १९३३ च्या रात्री म्युनिकच्या जुन्या भागातल्या 'बोंबोनिएर' नावाच्या छोट्याशा थिएटरात एका नव्या मंडळीने पहिला खेळ लावला. तिथून हाकेच्या अंतरावर होफब्रॉयहाउस ही शहरातली सगळ्यांत प्रसिद्ध बिअरशाळा. तिच्याच वरच्या दालनात १९२० च्या फेब्रुवारीत हिटलरने आपल्या पक्षाची पंचवीस कलमं वाचून दाखवली होती. पक्षाचं मुख्यालयही याच शहरात होतं, आणि हिटलर चॅन्सेलर व्हायला आता महिनाही उरला नव्हता. अशा वेळी, अशा ठिकाणी, एक सत्तावीस वर्षांची तरुणी मंचावर उभी राहून त्या पक्षाची पिसं काढणार होती. तिचं नाव एरिका मान. मंडळीचं नाव 'फेफरम्यूले', म्हणजे मिरी दळायची चक्की.

या नावाची गोष्ट मान कुटुंबात सांगितली जायची. जेवणाच्या टेबलावर मंडळीचं नाव काय ठेवायचं याचा खल चालला होता. तेव्हा वडिलांनी समोरच्या मिरीच्या चक्कीकडे बोट दाखवलं आणि हे कसं वाटतं, असं विचारलं. हे वडील म्हणजे थॉमस मान, १९२९ सालच्या साहित्याच्या नोबेलचे मानकरी. एरिका त्यांची थोरली लेक.

कॅबरे म्हटलं की आपल्यासमोर हिंदी सिनेमातल्या हॉटेलातला नाच उभा राहतो. इथे ज्या कॅबरेची गोष्ट आहे तो निराळा. लहानसा दिवाणखाना, टेबलं, पेले, एक पियानो. मंचावर एकामागून एक गाणी, नकला, छोटे प्रवेश, नाच. त्यांना जोडणारा निवेदक थेट प्रेक्षकांशी बोलतो. मजकूर बहुधा कालच्या वर्तमानपत्रातून उचललेला आणि निशाणा सत्तेवर. म्युनिकात ही परंपरा १९०१ साली 'अकरा जल्लाद' असं नाव घेतलेल्या मंडळीने रुजवली. कैसरच्या राजवटीत सेन्सॉरचा डोळा चुकवत नाटककार फ्रांक वेडेकिंट तिथे गिटार घेऊन आपली गाणी गायचा. त्यामुळे बोलायचं ते न बोलल्यासारखं कसं बोलावं, याची या शहराच्या प्रेक्षकाला चांगली सवय होती. एरिकाच्या पुढच्या सगळ्या कहाणीत हा जाणता प्रेक्षक फार महत्त्वाचा आहे. तिच्या कलेचा अर्धा भाग त्याच्या डोक्यात घडत असे.

एरिका राजकारणात उशिरा आली. जन्म १९०५ चा. तिच्याहून वर्षाने लहान भाऊ क्लाउस हा तिचा जीव की प्राण. दोघं जुळी असल्यासारखीच वावरत. तिने बर्लिनला माक्स राइनहार्टकडे अभिनयाचे धडे घेतले, १९२६ मध्ये गुस्ताफ ग्रुंडगेन्स या महत्त्वाकांक्षी नटाशी लग्न केलं आणि तीन वर्षांत ते मोडलं. मधल्या काळात बहीणभाऊ अमेरिका, हवाई, जपान, कोरिया, रशिया असं जग फिरून आले. खिशात पैसे नसायचे, वडिलांच्या नावावर व्याख्यानं देत आणि उधारी करत प्रवास झाला. त्यावर दोघांनी मिळून पुस्तकही लिहिलं. १९३१ मध्ये बालमित्राला जोडीला घेऊन तिने फोर्ड गाडीतून युरोपभरची दहा हजार किलोमीटरची मोटारशर्यत जिंकली. केस आखूड कापलेली, गाडीखाली शिरून स्वतः दुरुस्ती करणारी, वर्तमानपत्रांत चुरचुरीत लिहिणारी ही मुलगी तेव्हा राजकारणाकडे फारसं बघतही नव्हती.

जानेवारी १९३२ मध्ये म्युनिकात शांततावादी स्त्रियांची एक सभा होती. एरिकाला तिथे फक्त एक युद्धविरोधी उतारा वाचून दाखवायचा होता. नाझींच्या तपकिरी गणवेशातली टोळी सभेत घुसली, आरडाओरडा झाला, सभा उधळायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवसापासून नाझी वर्तमानपत्रांनी तिच्यावर गलिच्छ मजकूर छापायला सुरुवात केली. एका खुल्या रंगमंचावरचं ठरलेलं काम गेलं, कारण तिला घेतलं तर खेळावर बहिष्कार घालू अशी धमकी व्यवस्थापकांना मिळाली. एरिका गप्प बसली नाही. तिने वर्तमानपत्रांवर खटले भरले आणि जिंकले. १९३२ मध्ये जर्मन न्यायालय नाझी पत्रांना दंड करू शकत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. कायदा शेवटच्या घटका मोजत होता, पण अजून होता.

वर्षअखेरीस मंडळी उभी राहिली. बहुतेक गाणी आणि प्रवेश एरिकाने लिहिले, काही क्लाउसने. संगीत माग्नुस हेनिंगचं, पियानोवर तोच. आणि या सगळ्याचा कणा म्हणजे थेरेझे गीझे. ही म्युनिकच्या काम्मरश्पील थिएटरची मोठी नटी, वयाने एरिकाहून सात वर्षांनी थोरली, अंगाने जाडजूड, आवाजात अख्खा बव्हेरिया. जन्माने ज्यू. तिच्याबद्दल क्लाउसने आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. १९३२ मध्ये म्युनिकच्या कार्लटन चहागृहात शेजारच्या टेबलावर हिटलर बसला होता, स्ट्रॉबेरीची गोड टार्ट एकामागून एक खात. गप्पा त्या संध्याकाळच्या नाटकाच्या होत्या आणि त्याला उत्सुकता होती गीझेचं काम बघण्याची. सोबत्याने दबकत सुचवलं, की बाई ज्यू असल्याचं ऐकतो. हिटलरने ते उडवून लावलं. अस्सल जर्मन कलावंत आणि ज्यू यांतला फरक मला कळत नाही काय, असा त्याचा सूर होता. ज्या वंशशास्त्रावर पुढे लाखो माणसं मारली गेली, त्याची परीक्षा त्या संध्याकाळी चहाच्या टेबलावर होऊन गेली होती.

'फेफरम्यूले'चा पहिला महिना भरगच्च गेला. ३० जानेवारीला हिटलर सत्तेवर आला तरी खेळ थांबले नाहीत. बव्हेरियाच्या प्रांतिक सरकारवर अजून नाझींचा ताबा नव्हता, म्हणून बर्लिनमध्ये धरपकड चालू असताना म्युनिकात चक्की फिरत राहिली. फेब्रुवारीत दुसरा कार्यक्रम आला. जागा पुरेना म्हणून मोठं थिएटर घ्यायची बोलणी सुरू झाली. २७ फेब्रुवारीला बर्लिनचं संसदभवन राइशस्टाग जळलं आणि ९ मार्चला बव्हेरियाही पडला.

त्या दिवसांत थॉमस मान आणि त्यांची पत्नी कात्या देशात नव्हती. वागनरवरच्या व्याख्यानांच्या दौऱ्याहून ती दोघं स्वित्झर्लंडात आरोझाला विश्रांतीला गेली होती. एरिका आणि क्लाउस म्युनिकला परतले तेव्हा घरच्या मोटारचालकाने त्यांना बाहेर तोंड दाखवू नका म्हणून सांगितलं. हा माणूस गेली काही वर्षं नाझींना मान कुटुंबाच्या बातम्या पुरवत होता हे नंतर कळलं. त्या दिवशी मात्र त्याने मुलांशी इमान राखलं. मुलांनी आरोझाला फोन लावला. फोन ऐकला जात असणार, म्हणून हवा फार वाईट आहे, परत येऊ नका, असं सुचवायला सुरुवात केली. वडील म्हणाले, इथेही हवा काही बरी नाही. मुलांनी घरात साफसफाई निघाल्याचं सांगितलं, फार पसारा आहे म्हणाली. थॉमस मान यांना इशारा कळेचना. शेवटी पोरांनी सरळ सांगून टाकलं, की स्वित्झर्लंडातच राहा, इथे जिवाला धोका आहे.

मार्चच्या मध्यावर एरिका सीमा ओलांडून आईवडिलांकडे पोचली. क्लाउस पॅरिसला गेला, गीझेही त्याच दिवसांत निसटली. मान कुटुंबाचं म्युनिकमधलं घर पुढे सरकारने जप्त केलं. या घराला परत नांदतं होणं नशिबात नव्हतं.

निर्वासित कलावंताचं पहिलं दुखणं पोटाचं असतं. चित्रकार कुंचला घेऊन जातो, वादक वाद्य नेतो. नटाची हत्यारं म्हणजे भाषा आणि प्रेक्षक. ती पेटीत मावत नाहीत. एरिकाच्या नशिबाने शेजारी देशात जर्मन बोललं जात होतं. सप्टेंबर १९३३ च्या अखेरीस झुरिकच्या नीडरडोर्फ भागातल्या 'हिर्शेन' हॉटेलात चक्की पुन्हा फिरू लागली. मूळ संचातली काही माणसं, त्यात नवी भर. लोटे गोसलार ही विदूषकी ढंगाची नर्तिका त्यातली एक. खेळ तुडुंब चालले.

पण आसरा फुकट नव्हता. परकीयांवर नजर ठेवणारं स्विस पोलीस खातं होतं. राहायचा परवाना महिन्यामहिन्याने वाढवून घ्यावा लागे. कार्यक्रम करायला प्रत्येक प्रांतात, प्रत्येक गावात वेगळी परवानगी. कुठल्याही मित्रराष्ट्राच्या प्रमुखाचा अपमान होता कामा नये, आणि जर्मनी मित्रराष्ट्रच होतं. जर्मन वकिलाती तक्रारी करायला टपलेल्या. मग एरिकाने एक नेम पाळला. मंचावर हिटलरचं नाव यायचं नाही. कोणत्याच पुढाऱ्याचं यायचं नाही. सगळं चालायचं ते परीकथांतून आणि बोधकथांतून.

'लबाडांच्या देशाचा राजपुत्र' हा तिचा गाजलेला प्रवेश घ्या. काळा गणवेश, उंच बूट, हातात चाबूक अशी एरिका स्वतः यायची आणि ऐटीत सांगायची, की माझ्या राज्यात खरं बोलायला मनाई आहे, आणि खोटं पुन्हा पुन्हा बोललं की लोक ते खरं मानतात. नाव नाही, गाव नाही. गीझे 'मूर्खपणा' बनून यायची, आपलं काम किती छान चाललं आहे ते समाधानाने सांगणारी एक गुबगुबीत बाई. ग्रिमच्या परीकथांतला भोळा हान्स, मच्छीमाराची हावरट बायको, प्रत्येक संकटाचं खापर जिच्यावर फुटतं ती चेटकीण, ही सगळी मंडळी मंचावर येत. जर्मन मुलाने आईच्या मांडीवर ऐकलेल्या या गोष्टी. त्यांत थोडीशी मिरी टाकली की काय चाललं आहे ते कळायचं. लेकी बोले सुने लागे. सून बसली होती बर्लिनमध्ये, आणि तिला लागत होतं हे तिच्या वकिलांच्या खलित्यांवरून दिसतच होतं.

आणि मग 'थंडगार धास्ती'. पांढऱ्या विदूषकाच्या पोशाखात, चेहऱ्याला पांढरा रंग फासलेली एरिका एकटी पुढे यायची. बाकीच्या प्रवेशांत हशा असे, इथे नाही. हे गाणं नाझींना उद्देशून नव्हतं. समोर बसलेल्यांना होतं. शेजारी घर पेटलं आहे आणि तुम्ही आपल्या दाराला कडी लावून कसे बसता, असा त्याचा रोख. निर्वासिताने यजमानाला असं विचारणं सोपं नसतं. परवाना ज्याच्या हातात, त्यालाच ती जाब विचारत होती. मला एरिकाच्या सगळ्या कामात हा प्रवेश सर्वांत धाडसाचा वाटतो, कारण दूरच्या शत्रूवर टाळी घेणं त्यामानाने सोपं.

नोव्हेंबर १९३४ मध्ये ते धाडस अंगावर आलं. मंडळी आता झुरिकच्या कुरसाल या मोठ्या सभागृहात खेळत होती. स्वित्झर्लंडातही नाझींची नक्कल करणाऱ्या 'फ्रंट' नावाच्या संघटना फोफावल्या होत्या. १६ नोव्हेंबरच्या खेळाला त्यांचे लोक तिकिटं काढून येऊन बसले. खेळ चालू असताना शिट्ट्यांचा इशारा झाला आणि आरोळ्या सुरू झाल्या, ज्यूंना हाकला म्हणून. खुर्च्या उडाल्या, हाणामाऱ्या झाल्या. पोलिसांनी धरपकड केली. त्यानंतरचे खेळ पोलिसांच्या पहाऱ्यात झाले. बाहेर दंगेखोर, आत सशस्त्र पोलीस, आणि मंचावर परीकथा सांगणारी माणसं.

या दंग्यामागे झुरिकच्या एका बड्या घराण्याचा राग होता. कारखानदार श्वार्झेनबाख आणि त्यांचे सोयरे विले. पहिल्या महायुद्धात स्विस सैन्याचा सेनापती असलेला उलरिश विले याच घराण्यातला. त्याच्या त्याच नावाच्या मुलावर, जो फौजेतलाच मोठा अधिकारी आणि जर्मनीचा चाहता होता, एका गाण्यात टोमणा आहे असा कुटुंबाचा समज झाला. मुलाची बहीण रेने श्वार्झेनबाख एरिकाचा मनापासून तिरस्कार करायची. कारण रेनेची लेक आनेमारी, लेखिका आणि छायाचित्रकार, एरिकाच्या प्रेमात आकंठ बुडालेली होती. दंग्यात पुढे असलेला जेम्स श्वार्झेनबाख हाही याच घराण्यातला. आनेमारीने नंतर वर्तमानपत्रात 'फेफरम्यूले'ची बाजू घेऊन लेख लिहिला. तिला घरातून त्याची जबर किंमत द्यावी लागली, आणि एरिकाचाही विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही. दोन्हीकडून परकी झालेली ही मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो जेम्स मात्र पुढे संसदेत गेला आणि १९७० मध्ये देशातल्या परकीयांची संख्या कमी करा म्हणून त्याच्या नावाने ओळखलं जाणारं सार्वमत झालं. ते थोडक्यात हरलं.

दंगा ज्यांनी केला त्यांच्याबद्दल प्रांतिक सरकारला जे वाटायचं ते वाटलं असेल, पण तोडगा निघाला तो ज्यांच्यावर दंगा झाला त्यांच्याविरुद्ध. झुरिकमध्ये परकीय मंडळींच्या राजकीय कॅबरेला बंदी घालणारा नियम आला. लोक त्याला 'फेफरम्यूले कायदा' म्हणत. हिर्शेनमध्ये १९३४ च्या मे महिन्यात 'कॉर्निशॉन' हे स्विस कलावंतांचं कॅबरे सुरू झालं होतं. ते चालू राहिलं, आणि पुढच्या काळात त्यांनी नाझींविरुद्ध उत्तम कामही केलं. पण ज्या पाहुण्यांनी वाट पाडली त्यांना ती बंद झाली.

मग बाडबिस्तरा घेऊन गावोगाव. हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग, चेकोस्लोव्हाकिया. उन्हाळा १९३६ पर्यंत एकूण १,०३४ खेळ झाले. जिथे जर्मन कळतं तिथे ही माणसं गेली, आणि दर ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत जर्मन वकिलातीचा हात पोचला. हॉलंडने अखेर कार्यक्रमात राजकारण नको अशी अट घातली. बंदुकीने नाही, तर शिक्क्याने आणि अटींनी चक्कीचा एकेक दात काढला गेला. लेखक योझेफ रोट स्वतः निर्वासित होता. त्याने एरिकाला पत्र लिहून कळवलं, की आम्ही सगळे लेखक मिळून या रानटीपणाविरुद्ध जेवढं करतो त्याच्या दहापट तुम्ही करता. रोट सहसा कोणाची खुशामत करणारा नव्हता.

जून १९३५ मध्ये जर्मन सरकारने एरिकाचं नागरिकत्व काढून घेतलं. कारणात 'फेफरम्यूले' होतीच. पासपोर्ट गेला की सीमा बंद, आणि सीमा बंद की दौरा बंद. हे येणार याचा अंदाज तिला आधीच आला होता. इंग्रज पुरुषाशी लग्न केलं तर ब्रिटिश पासपोर्ट मिळेल, म्हणून तिने लेखक मित्र ख्रिस्तोफर इशरवुडला विचारलं. तो कचरला, पण त्याने आपल्या मित्राचं नाव सुचवलं. मित्र म्हणजे कवी डब्ल्यू. एच. ऑडेन. वय अठ्ठावीस, इंग्लंडच्या पश्चिमेला मॉलव्हर्नजवळ मुलांच्या शाळेत मास्तर. त्याने एरिकाला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याचं उत्तर एका शब्दाच्या तारेने आलं, आनंदाने.

१५ जून १९३५ ला हेरफर्डशायरमधल्या लेडबरी या गावी नोंदणी कचेरीत लग्न लागलं. संसार करायचा नव्हताच. दोघांनाही आपल्याच लिंगाच्या माणसांचं प्रेम होतं. एरिका लगोलग आपल्या मंडळीकडे परतली, ऑडेन आपल्या वर्गात. पुढच्या वर्षी आलेला आपला कवितासंग्रह त्याने एरिकाला अर्पण केला. एवढ्यावर तो थांबला नाही. गीझेलाही पासपोर्ट हवा होता. ऑडेनने आपला मित्र, कादंबरीकार जॉन हॅम्पसन याला गळ घातली आणि मे १९३६ मध्ये सॉलीहल गावी थेरेझे गीझेही इंग्रज बाई झाली. परराष्ट्र खाती, वकिलाती, राष्ट्रसंघ यांनी मिळून या दोन बायकांसाठी जे केलं नाही ते दोन तरुण लेखकांनी एकेक सकाळ खर्चून केलं.

घरातही तेव्हा वादळ होतं. थॉमस मान झुरिकजवळ कुस्नाख्टला राहत होते, पण हिटलरविरुद्ध उघड बोलत नव्हते. त्यांची पुस्तकं अजून जर्मनीत विकली जात होती आणि आपला वाचक तुटू नये असं त्यांना वाटे. लेक दर रात्री मंचावर जीव टांगणीला लावते आणि बाप गप्प आहे, हे एरिकाला सहन होईना. जानेवारी १९३६ मध्ये तिने संबंध तोडण्याची धमकी देणारं कडक पत्र लिहिलं. आई मधे पडली. ३ फेब्रुवारीला थॉमस मान यांचं झुरिकच्या वर्तमानपत्रात उघडं पत्र आलं आणि त्यांनी आपण निर्वासितांच्या बाजूचे असल्याचं जाहीर केलं. वर्षाअखेर त्यांचंही नागरिकत्व गेलं. जर्मन साहित्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाला मुलीने बोलायला लावलं, ही गोष्ट मला त्या हजार खेळांच्या तोडीची वाटते.

जे मागे राहिले किंवा पुरेसे लांब पळू शकले नाहीत त्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. म्युनिकचा कॅबरे कवी एरिश म्यूझाम ओरानियनबुर्गच्या छावणीत १९३४ मध्ये मारला गेला. बर्लिनच्या 'काटाकोंबे' कॅबरेचा वेर्नर फिंक १९३५ मध्ये छावणीत गेला, काही आठवड्यांनी सुटला. व्हिएन्नाचा कॅबरे कलावंत फ्रिट्स ग्रुनबाउम दाखाउच्या छावणीत संपला. कुर्ट गेरोन, ज्याने 'थ्री पेनी ऑपेरा'त मॅकीचं गाणं पहिल्यांदा गायलं, हॉलंडला पळाला होता. तिथून त्याला टेरेझीनश्टाटला नेलं, तिथे छावणीच्या खोट्या सुखाची फिल्म त्याच्याकडूनच काढून घेतली आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याला आउशविट्सला धाडलं.

सप्टेंबर १९३६ मध्ये एरिका अमेरिकेला गेली. पाठोपाठ मंडळी आली. गाणी इंग्रजीत आणली आणि ५ जानेवारी १९३७ ला न्यूयॉर्कच्या चॅनिन बिल्डिंगमधल्या थिएटरात 'द पेपरमिल'चा पडदा वर गेला. खेळ साफ पडला. काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला.

याची कारणं नुसती इंग्रजीच्या उच्चारांत नव्हती, जरी नटमंडळी परकी वाक्यं घोकून म्हणत होती हे खरं. झुरिक किंवा प्रागच्या प्रेक्षकाला काळे बूट दिसताच पोटात गोळा यायचा. सीमा तासाभराच्या अंतरावर होती, नातेवाईक पलीकडे होते, रेडिओवर तो आवाज रोज येत होता. एरिका अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं प्रेक्षक आपल्या भीतीतून पुरं करायचे. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला हिटलर हा महासागरापलीकडचा माणूस होता, त्याला झगमगीत रेव्ह्यूची सवय होती आणि इथे त्याला एक विदूषक परीकथा सांगताना दिसत होता. आरोझाला फोनवर जे झालं तेच इथे झालं. हवेबद्दल बोललेलं हवेबद्दलच ऐकलं गेलं.

मंडळी फुटली. गीझे झुरिकला परतली. १९ एप्रिल १९४१ ला तिथल्या शाउश्पीलहाउसमध्ये ब्रेख्टच्या 'मदर करेज'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा शीर्षक भूमिका तिचीच होती. हेनिंग युरोपला परतला. लोटे गोसलार अमेरिकेत राहिली आणि नाचत राहिली.

एरिकाने मात्र न्यूयॉर्कमधून एक धडा उचलला आणि मला तिचं मोठेपण इथे दिसतं. ज्या कलेवर तिने जीव ओतला ती या देशात चालणार नाही हे कळल्यावर ती रडत बसली नाही. आडून बोलणं सोडून ती सरळ बोलू लागली. १५ मार्च १९३७ ला, खेळ पडून जेमतेम दोन महिने झाले असताना, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नाझीविरोधी मेळाव्यात ती भाषणाला उभी राहिली. मग वर्षानुवर्षं तिने अमेरिकेच्या गावोगावी, महिला मंडळांत, कॉलेजांत व्याख्यानं दिली. रेल्वेतून उतरायचं, बोलायचं, पुढची गाडी पकडायची. निवेदक म्हणून कमावलेलं, समोरच्याला बोलण्यात गुंतवण्याचं कसब इथे कामी आलं. १९३८ मध्ये नाझी राजवटीत मुलांचं शिक्षण कसं चालतं यावरचं तिचं पुस्तक आलं. तीन महिन्यांत त्याच्या चाळीस हजार प्रती खपल्या. ती स्पेनच्या यादवी युद्धात क्लाउसबरोबर गेली, बॉम्ब पडत असताना लंडनहून बीबीसीवर जर्मन श्रोत्यांशी बोलली, आणि १९४३ पासून अमेरिकी सैन्याबरोबर गणवेशात वार्ताहर म्हणून फिरली.

ऑगस्ट १९४५ मध्ये लक्झेंबर्गच्या मोंडोर्फ गावातल्या एका हॉटेलात, जिथे गोरिंग, रिबेनट्रॉप, श्ट्राइशर वगैरे बडे नाझी कैदी ठेवले होते, तिथे तिला आत जाऊ दिलं गेलं. आलेली बाई कोण हे त्यांना नंतर कळवण्यात आलं. श्ट्राइशर हादरून गेला. गोरिंगने निरोप दिला, की मान प्रकरण माझ्याकडे असतं तर मी ते वेगळं हाताळलं असतं. एरिकाने हे बातमीत लिहिलं, आणि जर्मनांना आपण काय केलं याची जाणीव नाही, असंही ती पुढे सतत लिहीत राहिली. त्यामुळे नव्या जर्मनीत तिच्यावर प्रेम करणारे थोडेच उरले.

१९४९ च्या मे महिन्यात क्लाउसने कान शहरात झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. अमेरिकेतही वारं फिरलं होतं. हिटलरविरुद्ध लवकर बोलणारी माणसं आता कम्युनिस्ट ठरत होती. एफबीआयची माणसं तिच्या मागावर राहिली, व्याख्यानं मिळेनाशी झाली, नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळला. डिसेंबर १९५० मध्ये तिने तो स्वतः मागे घेतला आणि पत्रात लिहिलं, की नाझींनी मला माझ्या देशातून हाकललं, मग युरोपातून जावं लागलं, आणि आता ज्या देशावर माझं प्रेम आहे तिथेच काही गुन्हा नसताना मी उद्ध्वस्त झाले आहे. १९५२ मध्ये आईवडिलांबरोबर ती स्वित्झर्लंडला परतली. ब्रिटिश नागरिक म्हणूनच २७ ऑगस्ट १९६९ ला झुरिकमध्ये गेली. ऑडेनशी घटस्फोट कधी घेतलाच नव्हता.

शेवटची वर्षं तिने वडिलांची पत्रं तीन खंडांत संपादित करण्यात आणि क्लाउसची पुस्तकं पुन्हा छापून आणण्यात घालवली. त्यातलं एक 'मेफिस्टो'. आत्मा विकून नाझी राजवटीत वर चढणाऱ्या नटाची ही कादंबरी १९३६ मध्ये आम्स्टरडामला निर्वासितांच्या प्रकाशनाने काढली होती. नाव न घेता रंगवलेला तो नट म्हणजे गुस्ताफ ग्रुंडगेन्स, एरिकाचा पहिला नवरा. तो देशात राहिला, गोरिंगच्या मर्जीने सरकारी थिएटरचा प्रमुख झाला, आणि युद्धानंतरही पश्चिम जर्मनीतला सर्वांत मानाचा नट म्हणून १९६३ पर्यंत जगला. त्याच्या दत्तक मुलाने कादंबरीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. मृताची बदनामी होते म्हणून हॅम्बुर्गच्या न्यायालयाने १९६६ मध्ये बंदी घातली. एरिका प्रकाशकाच्या बाजूने लढत होती. १९७१ मध्ये घटना न्यायालयाने बंदी कायम केली तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. १९८१ मध्ये रोवोल्ट या प्रकाशनाने बंदी उठायची वाट न बघता 'मेफिस्टो' छापली. कोणी अडवायला आलं नाही, आणि पुस्तक हातोहात खपलं.